गर्भिणीच्या सामान्य तक्रारी : आधी परीक्षण, मग उपशमन

गर्भावस्था ही स्त्रीच्या शरीराची स्वाभाविक अवस्था आहे, व्याधी नव्हे. तथापि या नऊ महिन्यांत मळमळ, उरोदाह, मलावष्टंभ, पायांवरील सूज, कंबरदुखी, पोटऱ्यांत गोळे येणे, अंगाला खाज सुटणे यांसारख्या तक्रारी बहुतेक प्रत्येक गर्भिणीला कमी-अधिक प्रमाणात होतात. अशी स्त्री प्रथम घरातील वडीलधाऱ्या बाईंना विचारते, मग जवळच्या औषध दुकानात जाते आणि त्यानंतर अनेकदा आपल्यासारख्या वैद्यांकडे येते. आयुर्वेदीय औषध सौम्य असते, ते गर्भाला बाधत नाही, असा तिचा दृढ विश्वास असतो. हा विश्वास ही आपली मोठी पुंजी आहे आणि तितकीच मोठी जबाबदारीही आहे.

प्रस्तुत लेखात या तक्रारींचे उपशमन कसे करावे याचा विचार केला आहेच. परंतु त्याआधीची एक पायरी विशेष आग्रहाने मांडावयाची आहे. गर्भिणीची प्रत्येक सामान्य तक्रार एखाद्या गंभीर विकृतीचा मुखवटा असू शकते. म्हणून औषध देण्यापूर्वी रक्तदाब मोजणे, गर्भाचे महिने विचारणे आणि धोक्याची लक्षणे नाहीत याची खात्री करणे, हा चिकित्सेचाच पहिला भाग समजला पाहिजे.

शास्त्राची भूमिका

चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात गर्भिणीच्या चिकित्सेचे सूत्र सांगताना तेलाने काठोकाठ भरलेल्या भांड्याची उपमा दिली आहे. असे भांडे उचलणारा माणूस ज्या सावधपणे पाऊल टाकतो, त्याच सावधपणे गर्भिणीचे उपचार करावेत, असा तिचा आशय. औषध मृदु, मधुर, शीत व सुखकर असावे. वमन, विरेचन, शिरोविरेचन व रक्तमोक्षण करू नये. बस्तीही आत्ययिक प्रसंगाशिवाय देऊ नये. आठव्या महिन्यापासून पुढे अपरिहार्य प्रसंगी शोधन करावे लागलेच, तर तेही मृदु उपायांनीच करावे, असे त्यांचे सांगणे आहे. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात महिन्यागणिक आहार सांगितला आहे. दोन्ही संहितांचा भर क्षीर, घृत, मधुर द्रव्ये व पथ्य आहारावर आहे. तीव्र औषधांवर तो कोठेही नाही, ही गोष्ट आपण वारंवार आठवावी.

आपल्या परिसरातील गर्भिणी

ग्रंथातील पथ्य रुग्णाच्या घरात उतरवताना तिची परिस्थिती पाहावी लागते. छत्रपती संभाजीनगर शहराला जायकवाडीचे पाणी असले, तरी नळाला अनेक दिवसांच्या अंतराने पाणी येण्याचा अनुभव येथील वसाहतींनी वर्षानुवर्षे घेतला आहे. पाणी साठवणे, हंडे उचलणे आणि जपून वापरावयाचे म्हणून कमी पिणे, हे गर्भिणीच्या वाट्याला येते. त्यात मराठवाड्याचा कोरडा व तीव्र उन्हाळा. मलावष्टंभ, मूत्रदाह, कटिशूल व चक्कर या चार तक्रारींचे मूळ पुष्कळदा येथेच सापडते. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखान्यांत दिवसभर उभे राहून काम करणाऱ्या स्त्रियांच्या पायांची सूज व पाठदुखी वेगळ्या प्रकारची असते.

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील गर्भिणीची अवस्था याहून बिकट असते. तिची नोंद एका गावी, मुक्काम दुसऱ्या जिल्ह्यात, आणि मधल्या चार-पाच महिन्यांत तपासणी जवळजवळ नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि शासनाने चौकशी समिती नेमली. तो विषय गर्भावस्थेचा नव्हता, तरी कष्टकरी स्त्रीच्या साध्या तक्रारीकडे वेळीच व नीट लक्ष न दिल्यास प्रकरण कोठवर जाते, हे त्याने दाखवून दिले. अशी स्त्री आपल्याकडे एकदाच येण्याची शक्यता असते. ती एक भेट वाया जाता कामा नये.

हृल्लास व छर्दी

मळमळ बहुधा सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते, नवव्या-दहाव्या आठवड्यात वाढते आणि बहुतेक स्त्रियांमध्ये सोळा ते वीस आठवड्यांपर्यंत शमते. उपाशीपोटी ती अधिक होते. म्हणून अंथरुणातून उठण्यापूर्वी साळीच्या लाह्या किंवा कोरडी भाकरी थोडी खावी, दिवसभरात दर दोन तासांनी थोडे थोडे अन्न घ्यावे, पाणी जेवणाबरोबर न घेता मध्यंतरी घोट घोट घ्यावे. लाजामंड, धण्याचा कल्क तांदळाच्या धुवणात खडीसाखर घालून, आवळा, डाळिंबाचा रस हे परंपरेतील सोपे व सुखकर उपाय आहेत. आले व सुंठ यांच्या उपयुक्ततेचा आधुनिक चाचण्यांतूनही अभ्यास झाला असून सामान्यतः दिवसाला एक ग्रॅम सुंठीपर्यंतची मात्रा त्यांत वापरलेली आढळते. पित्तप्रधान स्त्रीला उन्हाळ्यात ती याहूनही कमी पुरते.

परंतु पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी कमी व गडद होत असेल किंवा वजन गर्भापूर्वीच्या वजनाच्या पाच टक्क्यांहून अधिक घटले असेल, तर शिरेतून द्रव देण्याची गरज असते. तेथे काढे देत बसू नये. पहिले तीन महिने संपल्यावर नव्याने सुरू झालेली छर्दी ही नेहमीची मळमळ समजू नये. उत्तरार्धात उलटीबरोबर पोटाच्या वरच्या भागात, उजव्या बाजूला किंवा मध्यभागी दुखत असल्यास रक्तदाब व यकृताची तपासणी तातडीने व्हावी.

उरोदाह व अम्लोद्गार

गर्भावस्थेत अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचे स्नायू शिथिल होतात आणि वाढत्या गर्भाशयाचा दाब आमाशयावर पडतो. तिखट, तळलेले पदार्थ व वारंवार चहा टाळणे, रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी दोन-तीन तास आधी घेणे, पलंगाची उशाकडील बाजू उंच करणे आणि डाव्या कुशीवर झोपणे यांनी बराच आराम पडतो. खाण्याचा सोडा पाण्यात घालून घेण्याची घरगुती सवय मात्र आवर्जून थांबवावी, कारण त्यातून सोडियम विनाकारण वाढते. शतावरी क्षीरपाक, मनुका व गार केलेले दूध येथे उपयोगी पडतात.

यष्टिमधुविषयी येथे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. गर्भिणीसाठी मधुर द्रव्य म्हणून ते आपल्या परंपरेत मान्य आहे. तथापि त्यातील ग्लिसिऱ्हायझिन या घटकामुळे शरीरात सोडियम व पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढू शकतो. ज्येष्ठमधाची मिठाई मोठ्या प्रमाणात खाल्ली जाणाऱ्या फिनलंडमध्ये, गर्भावस्थेत त्याचे अधिक सेवन केलेल्या मातांच्या मुलांच्या बौद्धिक वाढीवर परिणाम आढळल्याचे अभ्यास प्रसिद्ध झाले आहेत. आपली मात्रा व कल्पना भिन्न आहे हे खरे. परंतु रक्तदाब वाढलेल्या वा सूज असलेल्या गर्भिणीला यष्टिमधु देऊ नये आणि इतरांनाही ते महिनोन्‌महिने चालू ठेवू नये, एवढा बोध त्यातून निश्चित घ्यावा.

मलावष्टंभ व अर्श

आतड्यांची मंद झालेली गती, अपुरे पाणी आणि लोहाच्या गोळ्या या तिन्हींमुळे मलावष्टंभ होतो. रात्री भिजवलेल्या मनुका, गरम दुधात गाईचे तूप, पालेभाज्या, ज्वारीची भाकरी, पेरू-पपनसासारखी फळे आणि भरपूर पाण्याबरोबर इसबगोल हा क्रम पुरेसा ठरतो. अर्शाचा त्रास असल्यास कोमट पाण्यात बसणे व शौचाच्या वेळी कुंथणे टाळणे हे प्रथम सांगावे.

येथे सर्वाधिक चुका होतात त्या औषधाच्या निवडीत. एरंडेल गर्भाशयाला उत्तेजित करू शकते. सोनामुखी, जयपाळ, दंती, त्रिवृत व कोरफडीचा एळवा ही द्रव्ये विरेचक असल्याने वर्ज्य होत. भावप्रकाशात हरीतकी कोणी घेऊ नये याची जी यादी आहे, तीत गर्भवतीचा स्पष्ट उल्लेख आहे. असे असूनही त्रिफळा चूर्ण व गंधर्वहरीतकी सौम्य म्हणून गर्भिणीला सर्रास दिली जातात. पहिलीत हरीतकी आहे, दुसरीत हरीतकी व एरंडेल दोन्ही आहेत, हे ध्यानात ठेवावे.

पादशोथ

सायंकाळी घोट्यांवर येणारी, दोन्ही पायांवर सारखी, पाय उंच ठेवल्यावर उतरणारी सूज बहुधा निरुपद्रवी असते. पाय उशीवर ठेवून डाव्या कुशीवर विश्रांती, एकाच जागी फार वेळ उभे न राहणे, सैल पादत्राणे एवढ्याने भागते. मीठ पूर्ण बंद करण्याची आवश्यकता नसते.

परंतु सूज पाहताच पुनर्नवा किंवा गोक्षुर लिहून देण्याची सवय घातक आहे. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० वा अधिक आढळला, लघवीत प्रथिने उतरली, चेहरा व हात अचानक सुजले, तीव्र डोकेदुखी झाली वा डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, तर ती गर्भविषाक्ततेची चिन्हे असू शकतात. रक्तदाब १६०/११० पर्यंत गेला असल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालयात पाठवावे. मूत्रल औषधाने सूज दिसेनाशी होते, विकार मात्र आत वाढत राहतो आणि आकडीपर्यंत जाऊ शकतो. रक्तदाबमापक यंत्र नसलेल्या दवाखान्यात गर्भिणीच्या शोथाची चिकित्सा होऊच नये, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणे व स्पर्शाला उष्णता असल्यास शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घ्यावी. अशा पायाला अभ्यंग वा मर्दन कदापि करू नये.

कटिशूल व पिंडिकोद्वेष्टन

कोमट तीळतेलाचा हलक्या हाताने अभ्यंग, पोटाखाली व गुडघ्यांमध्ये उशी घेऊन कुशीवर झोपणे, वाकून वजन न उचलणे हे कटिशूलावरील मुख्य उपाय. पोटऱ्यांत गोळे येत असल्यास झोपण्यापूर्वी पोटऱ्या ताणाव्यात. गोळा आला असता पाऊल नडगीकडे वळवावे. पोटावर दाब देऊन चोळणे वर्ज्य. सदतीस आठवड्यांपूर्वी ठरावीक अंतराने येणारी, पोट कडक करणारी कळ ही कंबरदुखी नसून अकाली प्रसववेदना असू शकते. कंबरदुखीसोबत थंडी-ताप असल्यास मूत्रपिंडाचा संसर्ग संभवतो.

मूत्रप्रवृत्ती व योनिगत स्राव

वारंवार लघवी होणे हे पहिल्या व शेवटच्या तिमाहीत स्वाभाविक असते. जळजळ, दुर्गंध वा ताप मात्र नव्हे. अशा वेळी लघवीची तपासणी करून घेतलीच पाहिजे, कारण गर्भावस्थेत हा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत लवकर पोहोचतो. धण्याचे पाणी, शहाळे व पुरेसे पाणी हे साहाय्यक उपाय होत. सिद्ध झालेल्या संसर्गाला ते पर्याय नव्हेत. मूत्रदाहासाठी नित्य वापरल्या जाणाऱ्या चंद्रप्रभा वटीत दंती व त्रिवृत ही द्रव्ये असतात, याचे अनेकांना विस्मरण होते.

पातळ, पांढरा, गंधहीन व खाज नसलेला स्राव थोडा वाढणे स्वाभाविक आहे. पाण्यासारखा सतत झरणारा स्राव किंवा रक्ताचा डाग दिसल्यास औषध न देता पाठवणी करावी.

कंडू व किक्किस

या विषयावरील चरकसंहितेतील विवेचन मोठे उद्‌बोधक आहे. सातव्या महिन्यात गर्भाचे केस उगवू लागतात म्हणून मातेला दाह होतो, असे स्त्रिया म्हणत. भगवान आत्रेयांनी ते नाकारले. गर्भाच्या दाबामुळे दोष उरःप्रदेशी येऊन विदाह करतात, त्यातून कंडू व कंडूतून किक्किस उत्पन्न होते, असे कारण त्यांनी दिले. लोकसमजुतीची परीक्षा करून कारण शोधण्याची ही वृत्तीच आपला खरा वारसा होय. उपचारात मधुर द्रव्यांनी सिद्ध लोणी बोराच्या पाण्याबरोबर घ्यावे, चंदन व कमलनालाचा लेप स्तन व उदरावर लावावा, आणि त्वचा विरूप होऊ नये म्हणून खाजवणे टाळावे, असे सांगितले आहे. आजही खोबरेल वा शतधौत घृत हलक्या हाताने लावण्याने आराम पडतो. लेपाचे चंदन मात्र खात्रीचे असावे.

पुरळ नसताना तळहात व तळपायांना सुटणारी, रात्री असह्य होणारी खाज ही शेवटच्या तिमाहीत यकृतातील पित्तस्रावाच्या अवरोधाची सूचक असू शकते. त्यात गर्भाला धोका असतो. अशा वेळी लेप देऊन घरी न पाठवता यकृताच्या कार्याची व रक्तातील पित्ताम्लांची तपासणी सुचवावी.

दौर्बल्य, धाप व पांडु

थकवा हा गर्भावस्थेचा सहचर मानला जातो आणि त्यामुळेच पांडु दुर्लक्षित राहतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सुमारे ४६ टक्के गर्भिणी रक्तक्षयाने ग्रस्त होत्या. माती, पाटीवरची पेन्सिल वा कच्चे तांदूळ खाण्याची इच्छा होणे याला केवळ डोहाळे समजू नये. मृद्भक्षणजन्य पांडु आपल्या ग्रंथांत वर्णिलेला आहेच. माती खाणे लोहाच्या कमतरतेचे लक्षणही असू शकते. जिभेच्या, नखांच्या व पापणीच्या आतील वर्णावर विसंबून न राहता हिमोग्लोबिन मोजून घ्यावे. ते सातच्या खाली असल्यास रुग्णालयीन उपचार अटळ समजावेत.

शासकीय कार्यक्रमात दुसऱ्या तिमाहीपासून १८० दिवस लोह-फॉलिक आम्लाची गोळी दिली जाते. तिने मलावष्टंभ होतो म्हणून ती बंद करून मंडूर वा लोहकल्प सुरू करणे योग्य नव्हे. गोळी चहा, दूध व कॅल्शियम यांच्यासोबत न घेता लिंबू वा आवळ्याबरोबर घेण्यास सांगावे. खजूर, मनुका, तीळ, गूळ, बाजरी, पालेभाज्या हा आहार त्याला पूरक ठरतो.

रसकल्प, आसव-अरिष्ट आणि औषध विक्रेते

२०१२ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने न्यूयॉर्क शहरातील सहा गर्भिणींच्या रक्तात शिसे वाढल्याची नोंद प्रसिद्ध केली. त्या सर्वांनी भारतात बनलेली आयुर्वेदिक म्हणून विकली जाणारी औषधे घेतली होती. सर्वच रसकल्प दोषी ठरवावेत असा याचा अर्थ नव्हे. परंतु शिसे अपरेतून गर्भापर्यंत पोहोचते आणि त्याच्या मेंदूच्या वाढीला बाधक ठरते, हे निर्विवाद आहे. जेथे लाह्या, दूध, तूप व विश्रांती पुरेशी आहे, तेथे पारद, नाग, वंग वा हरताळयुक्त कल्प देण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यांश असतो. आणि नित्य मद्यपान हे गर्भाला अपायकारक असल्याचे चरकाचार्यांनीच सांगून ठेवले आहे.

औषध विक्रेत्या बंधुभगिनींची भूमिका येथे निर्णायक आहे. आयुर्वेदीय औषधांच्या विक्रीसाठी ॲलोपॅथीप्रमाणे स्वतंत्र परवाना लागत नाही. त्यामुळे गिऱ्हाईक व औषध यांच्यामध्ये उभा असलेला शहाणा माणूस अनेकदा विक्रेताच असतो. पुढील बाबी कटाक्षाने पाळाव्यात :

१. प्रजननक्षम वयातील स्त्री रेचक, काढा वा पाळीचे औषध मागत असल्यास 'पाळी कधी आली होती?' हे विचारावे.

२. पाळी चुकली म्हणून रजःप्रवर्तनी वटी मागणाऱ्या स्त्रीला प्रथम गर्भचाचणी करण्यास सुचवावे. या वटीत एळवा, हिंग, टंकण व कासीस असते. कुमारी आसवाबाबतही हीच दक्षता घ्यावी.

३. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील अनुसूची ई (१) मधील विषद्रव्ये असलेल्या औषधांवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' या अर्थाची सूचना इंग्रजीत व हिंदीत छापलेली असते. अशी औषधे गर्भिणीला वैद्याच्या चिठ्ठीविना देऊ नयेत.

४. निर्मात्याचे नाव, परवाना क्रमांक, घटक व मुदत नसलेल्या पुड्या, गोळ्या व मुलगा होण्याची औषधे दुकानात ठेवूच नयेत. शेवटच्या प्रकाराला शास्त्राचा आधार नाही आणि कायद्याचाही नाही.

त्वरित पाठवणीची लक्षणे

रक्तस्राव, पाणी झरणे, तीव्र डोकेदुखी वा दृष्टी अंधुक होणे, चेहऱ्यावर अचानक सूज, आकडी, थंडी वाजून ताप, सतत उलट्या, ठरावीक अंतराने येणारी पोटातील कळ, विश्रांतीतही धाप, आणि गर्भाची हालचाल मंदावणे वा थांबणे. यांपैकी एकही लक्षण असता चिकित्सा आपल्या दारी सुरू करू नये. चिठ्ठीवर रक्तदाब, गर्भाचे महिने व दिलेली औषधे लिहून रुग्णेला पाठवावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका उपलब्ध आहे. घाटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात दूरदूरच्या तालुक्यांतून गर्भिणी येतात. त्यांतील वाटेत वाया जाणारे तास कमी करणे आपल्या हाती आहे. ज्यांची तपासणीच झालेली नाही, त्यांना दर महिन्याच्या ९ तारखेस शासकीय आरोग्य संस्थांत होणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीची आठवण करून द्यावी.

समारोप

गर्भिणीच्या तक्रारींसाठी औषधांची लांबलचक यादी ज्याच्याजवळ आहे, तो कुशल वैद्य असे नव्हे. बहुतेक तक्रारी आहार, विश्रांती, स्नेहन व धीराचे दोन शब्द यांनी शमतात. उरलेल्यांपैकी काही मृदु औषधांनी शमतात. आणि थोड्या अशा असतात की ज्या ओळखून योग्य ठिकाणी पाठवणे हीच त्यांची चिकित्सा असते. या तिन्हींतील भेद करण्यासाठी रक्तदाबमापक यंत्र, हिमोग्लोबिन व लघवीची तपासणी आणि नीट विचारलेले चार प्रश्न पुरेसे आहेत. प्रत्येक वैद्याने व औषध विक्रेत्याने एवढे व्रत घेतले, तर आयुर्वेदावरील गर्भिणीचा विश्वास सार्थ ठरेल.